‘व्हायरसने गेलं’ म्हणजे नक्की काय झालं?

पीएच.डी.च्या तयारीत असलेल्या मित्रांनो, आज माझीच एक फजिती सांगतो आणि तिथून इतिहासाकडे जाऊ.

2014 साली एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी नगर जिल्ह्यातल्या कॉम्प्युटर क्लासेसची माहिती गोळा करत होतो. (जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव 2024 मध्ये मिळालं, म्हणून त्या वेळच्या गोष्टीत नगरच म्हणतो.) संगमनेर, श्रीरामपूर, शेवगाव असं एसटीने फिरून अकरा मुलाखती रेकॉर्ड केल्या. सगळ्या एकाच पेनड्राइव्हमध्ये. मोबाइलमध्ये जागा हवी म्हणून तिथल्या मूळ फाइली उडवून टाकल्या होत्या. एक दिवस प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात तो पेनड्राइव्ह लावला. घरी येऊन बघतो तर फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट! परत दुकानात गेलो. तिथले दादा म्हणाले, “व्हायरसने गेलं सर. फॉरमॅट मारा.” मी मारला.

पुढे कळलं की त्या जातीचा व्हायरस फाइली पुसत नाही. तो त्या लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट समोर ठेवतो. आपण शॉर्टकटवर क्लिक केलं की व्हायरस चालू होतो. पेनड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये किती जागा भरलीय एवढं बघितलं असतं, तरी फाइली आत आहेत हे दिसलं असतं. एका साध्या कमांडने त्या परत दिसल्या असत्या. म्हणजे माझ्या मुलाखती व्हायरसने घालवल्या नाहीत, मी घालवल्या.

आजचा मुद्दा हाच आहे. ‘व्हायरसने गेलं’ हा पुरावा नसतो, तो कुणीतरी काढलेला निष्कर्ष असतो. तो निष्कर्ष कुणी काढला आणि कशावरून, हे इतिहास लिहिणाऱ्याने विचारायचं.

आता थोडं मागे जाऊ. घरगुती पीसीवर पसरलेला पहिला मोठा व्हायरस म्हणजे 1986 चा ‘ब्रेन’. लाहोरच्या बासित आणि अमजद फारुक अल्वी या भावांनी तो लिहिला आणि त्यात स्वतःची नावं, पत्ता आणि फोन नंबरही घातले! फ्लॉपीच्या ज्या पहिल्या भागावरून मशीन सुरू होतं, त्या बूट सेक्टरमध्ये तो बसायचा. इंटरनेट नसतानाही तो देशोदेशी गेला, कारण माणसं एकमेकांना फ्लॉप्या देत होती.

मग 1992 चा ‘मायकेलअँजेलो’. 6 मार्चला मशीन चालू केलं की हार्ड डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर तो कचरा लिहायचा. जगभर वर्तमानपत्रांत हाकाटी झाली, पन्नास लाख मशीन जातील असेही आकडे आले. प्रत्यक्षात नुकसान काही हजारांच्या घरात राहिलं. आता तुम्ही फक्त 5 मार्चचा पेपर साधन म्हणून वापरलात तर? जे घडलंच नाही, त्याचा इतिहास लिहून बसाल. अंदाज हे भीतीच्या इतिहासाचं साधन आहे, नुकसानीच्या नाही.

आपल्याकडचं उदाहरण पुण्याचं. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करत होते, पुढे कॉम्प्युटर दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडू लागले, तेव्हा कॉम्प्युटर शिकणारे त्यांचे भाऊ संजय यांनी ते साफ करणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यातून अँटिव्हायरस विकणारी कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस उभी राहिली. 2007 मध्ये तिचं नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं. म्हणजे आपल्याकडे हे ज्ञान प्रयोगशाळेइतकंच दुरुस्तीच्या टेबलावरही घडलं. पण हे साधनही तपासूनच घ्यायचं. अँटिव्हायरस कंपनीचे आकडे तिच्या ग्राहकांच्या मशीनवर काय सापडलं ते सांगतात. ज्या घरात अँटिव्हायरसच नव्हता, ते घर त्या आकड्यांत नाही.

तिसरं साधन म्हणजे माणसांच्या आठवणी. आपल्याकडे मशीन हँग झालं तरी व्हायरस, फॉन्ट बिघडला तरी व्हायरस. म्हणून मी आता मुलाखतीत तीन प्रश्न विचारतो. स्क्रीनवर नेमकं काय दिसलं? व्हायरस आहे असं पहिल्यांदा कोण म्हणालं? आणि मग तुम्ही काय केलंत? तिसऱ्या प्रश्नावर बऱ्याचदा एकच उत्तर येतं: फॉरमॅट.

तुमच्या घरच्या कॉम्प्युटरचं काय? तेही इतिहासातूनच बघा. विंडोज एक्सपीच्या काळात पेनड्राइव्ह लावला की त्यातला प्रोग्रॅम ऑटोरनमुळे आपोआप चालू होऊ शकायचा. व्हायरसनी हीच सोय पकडली. मायक्रोसॉफ्टने विंडोज 7 मध्ये पेनड्राइव्हपुरती ती बंद केली आणि 2011 मध्ये जुन्या विंडोजसाठीही तसं अपडेट दिलं. पण अपडेट आलं म्हणजे ते घरोघरी बसलं असं नाही. 12 मे 2017 ला ‘वॉनाक्राय’ पसरला, तेव्हा त्याची वाट बंद करणारं अपडेट मार्चमध्येच येऊन गेलं होतं. ते न टाकलेल्या मशीनमधल्या फाइली त्याने कुलूपबंद करून खंडणी मागितली.

त्यामुळे अपडेट बंद ठेवू नका. अँटिव्हायरस चालू असू द्या, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका. बाहेर प्रिंट काढायची तर वेगळा पेनड्राइव्ह ठेवा, त्यात फक्त प्रिंटची फाइल. डेटाच्या तीन प्रती करा आणि त्यातली एक कॉम्प्युटरला न जोडता कपाटात ठेवा. जोडलेली प्रत वॉनाक्रायसारख्याच्या तावडीत सापडू शकते. आणि काही बिघडलंच, तर आधी हात थांबवा. फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे.

अकरापैकी नऊ मुलाखती मी पुन्हा घेतल्या. एक सर म्हणाले, “एकदा सांगितलं ना, आता परत नको.” आणि शेवगावचे एक काका तोवर वारले होते. त्यांनी दीड तास सांगितलेल्यातलं माझ्या वहीत सात ओळी उरलंय. आज रात्री झोपायच्या आधी तुमच्या डेटाची एक प्रत काढा.