नहर-इ-अंबरी आणि भूगर्भांतील पाण्याचा हिशेब

शहरांचा इतिहास लिहितांना राजे, लढाया आणि इमारती यांचें वर्णन सविस्तर होतें. परंतु त्या शहरांतील लोक पाणी कोठचें पीत असत, हा प्रश्न बहुधा मागें राहतो. ज्या शहराजवळ बारमाही नदी नाहीं, त्याचा इतिहास तर पाण्याच्या इतिहासाखेरीज लिहितांच येणार नाहीं. आजचें छत्रपति संभाजीनगर, कालचें औरंगाबाद आणि त्याहूनहि जुनें खडकी हें असेंच एक शहर होय. खाम नदी त्याच्या कुशींतून वाहते खरी. पण पावसाळ्यांत फुगणारी आणि उन्हाळ्यांत आटणारी ही नदी राजधानीची तहान भागविण्यास पुरेशी नव्हती.

हें मलिक अंबरानें ओळखलें. अॅबिसिनियांत जन्मलेला, गुलाम म्हणून बगदादेस विकला गेलेला आणि पुढें निजामशाहीचा कर्ता वजीर झालेला हा पुरुष लढवय्या म्हणून वाचकांस परिचित आहेच. इ.स. १६१० मध्यें त्यानें खडकी वसविली आणि पुढील दशकांत शहराच्या उत्तरेकडील डोंगरांतून नहर-इ-अंबरी आणली. इराणांत कनात म्हणून जी विद्या प्राचीन काळापासून चालत आली, तिचीच ही दक्षिणी बहीण. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडाराहि याच काळांतला आणि याच कुळांतला आहे.

या नहरीचें मर्म असें कीं, ती तलावांतून पाणी घेत नसे. डोंगराच्या पायथ्याशीं भूजलाच्या पातळीखालीं बोगदा खणावयाचा, आजूबाजूच्या दगडमातींतून पाझरणारें पाणी त्यांत जमूं द्यावयाचें आणि जमिनीच्या उतारानें तें चुनेगच्ची नळांतून शहरांत न्यावयाचें, अशी ही योजना होती. वाटेंत ठिकठिकाणीं नळांत उतरण्याजोगीं तोंडें ठेविलेलीं असत. पुण्यास कात्रजच्या नळावर अशांस उच्छ्वास म्हणतात. तेथून गाळ काढतां येई आणि पाणी किती व कसें येत आहे हें डोळ्यांनीं पाहतां येई. मोगलांच्या अमदानींत व त्यानंतर याच धर्तीवर आणखी कित्येक नहरी झाल्या. अठराव्या शतकांत पाणचक्कीचें जातें फिरविणारें पाणी, जें उंच भिंतीवरून हौदांत पडतें, तेंहि डोंगरांतून अशाच नळानें येई.

आमच्या मतें या नहरींची खरी थोरवी त्यांच्या शिस्तींत आहे. जमीन देईल तितकेंच पाणी नहर देते. भूजल खालावलें कीं तिचा प्रवाह आपोआप बारीक होतो. म्हणजे पाणी आणणारा नळ हाच पाण्याची पातळी सांगणारा मापकहि होता. हौदांतली धार क्षीण झालेली सर्वांस एकाच वेळीं दिसे, आणि कोणासहि आपल्या वाट्याहून अधिक पाणी जमिनीच्या पोटांतून ओढून काढतां येत नसे.

आजचा हिशेब निराळ्या रीतीनें होतो. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास महाराष्ट्रांत भूजल सर्वेक्षण यंत्रणा उभी राहिली. ठरलेल्या निरीक्षण विहिरींत वर्षांतून चार वेळां, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा सरल्यावर, पाणी किती खोल आहे तें मोजतात आणि मागील पांच वर्षांच्या सरासरीशीं ताडून पाहतात. त्यावरून टंचाईचा अंदाज बांधला जातो. ओढ्याचा छेद आणि पाण्याचा वेग यांच्या गुणाकारानें प्रवाह ठरतो. पाण्याचे नमुने तपासून त्यांतील क्षार, फ्लोराइड व नायट्रेट यांचें प्रमाण काढतात. पाऊस, ओढा आणि विहीर हीं तीन मापें एकाच पाणलोटांत घेतलीं तरच पडलेल्या पाण्यापैकीं किती वाहून गेलें आणि किती मुरलें, याचा मेळ बसतो. आमच्या काळ्या पाषाणांत तर याची गरज विशेष आहे. त्यांत पाणी केवळ झिजलेल्या थरांत आणि फटींत सांठतें. म्हणून एका शेतांत विहीर भरलेली आणि शेजारीं कोरडी, असा प्रकार नित्य दिसतो.

परंतु मापें वाढलीं तसा पाण्याशीं असलेला संबंध मात्र तुटत गेला. १९६५ मध्यें लाल बहादुर शास्त्रींच्या हस्तें पायाभरणी झालेलें जायकवाडी धरण १९७६ मध्यें पुरें झालें, आणि शहर गोदावरीवर विसंबूं लागलें. पैठण शहराहून सखल असल्यानें तें पाणी विजेच्या बळानें वर चढवावें लागतें. दुसरीकडे घरोघरीं विंधन विहिरी झाल्या. त्यांतील पाणी किती खालीं गेलें हें कोणास दिसत नाहीं. यंत्र कोरडें फिरूं लागलें म्हणजेच तें कळतें. इकडे रस्ते, इमारतींचे पाये आणि सांडपाणी यांनीं नहरी जागोजाग फुटल्या.

यावर कोणी म्हणेल, नहरी पुन्हां वाहत्या करा म्हणजे झालें. २०११ च्या शिरगणतींत पावणेबारा लाखांच्या घरांत गेलेलें शहर त्यांच्यावर जगणार नाहीं, हें उघड आहे. नहरी राखाव्या त्या त्यांतील शहाणपणासाठीं. २००९ च्या भूजल कायद्यानें खोल विहिरींवर निर्बंध घातले. पण ज्या पाण्याचें माप सामान्य गृहस्थास ठाऊकच नाहीं, त्याच्याविषयींचा निर्बंध त्यास जाच वाटावा यांत नवल तें काय? कचेरींत नोंदलेला आंकडा चौकांतल्या फळ्यावर लिहिला गेला पाहिजे. ज्याच्या अंगणांत विहीर आहे त्यानें दोरीस खडा बांधून ऋतूऋतूंस तिची खोली टिपून ठेवावी. हें काम शाळेंतला मुलगाहि करूं शकेल. खर्च किती झाला हें माहीत असणारे घर कर्जांत सहसा बुडत नाहीं. पाण्याच्या संसारासहि हाच न्याय लागू आहे.