वाकोदचे भवरलालजी : शेतातून कारखान्याकडे

नाशिकहून मनमाड, चाळीसगाव, पाचोरा या मार्गाने रेल्वे जळगावला पोहोचते. तेथून अजिंठ्याकडे निघाले की डोंगराच्या पायथ्याशी जामनेर तालुक्यातील वाकोद हे खेडे लागते. मारवाडातील दुष्काळी मुलखातून निघालेले एक जैन कुटुंब पाण्याच्या आणि पोटाच्या शोधात 1887 साली येथे येऊन स्थिरावले. याच कुटुंबात 12 डिसेंबर 1937 रोजी भवरलाल हिरालाल जैन यांचा जन्म झाला.

मारवाडातून दक्षिणेत आलेल्या बहुतेक ओसवाल घराण्यांनी दुकानदारी व सावकारी पत्करली. शेतीविषयी श्रावकांच्या मनात एक जुना संकोचही होता. भगवान ऋषभदेवांनी असि, मसि आणि कृषी ही कर्मे मानवाला शिकविली असे परंपरा सांगते. परंतु श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत जमीन फोडण्याचा धंदा म्हणजे फोडीकर्म हेही गणले आहे. वाकोदच्या या घराण्याने मात्र हाती नांगर धरला आणि पुढील पिढ्यांनी तो सोडला नाही. या वादाचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. पण भवरलालजींचे सारे आयुष्य या नांगराभोवतीच फिरले, हे ध्यानात घेतले पाहिजे.

मुंबईत वाणिज्य व कायदा या दोन्ही शाखांच्या पदव्या त्यांनी मिळविल्या. पाठोपाठ राज्यसेवेत निवड होऊन उपजिल्हाधिकारीपदाची वाट मोकळी झाली. खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलाला साहेबाची खुर्ची चालून आली म्हणजे त्या काळी गावात साखर वाटली जात असे. मातोश्री गौराबाई यांचे मत निराळे होते. स्वतः शाळेची पायरी न चढलेल्या या माउलीने मुलाला नोकरीपेक्षा शेतीशी नाते राखणारा उद्योग करण्याचा सल्ला दिला. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी’ ही म्हण सगळ्यांनाच पाठ असते; तिच्यापायी हाती आलेली चाकरी नाकारणारे मात्र विरळाच.

1963 साली घराण्याच्या तीन पिढ्यांची शिल्लक, रुपये 7,000, एवढ्या भांडवलावर व्यवसायास प्रारंभ झाला. माल होता रॉकेल, आणि वाहन होते हातगाडी. कायद्याचा पदवीधर तरुण हातगाडीवरून रॉकेल विकतो, याचे तेव्हा काहींना हसू आले असेल. हळूहळू खते, बियाणे, कीटकनाशके, ट्रॅक्टर, पाइप अशा एजन्सी येत गेल्या. एकंदरीत शेतकऱ्याला जे जे लागते ते ते त्यांच्या दुकानात मिळू लागले.

1978 साली जळगावातील केळीची भुकटी करणारा एक बंद पडलेला कारखाना त्यांनी 30 लाख रुपयांस घेतला. केळीची भुकटी चालणार नव्हती. म्हणून कच्च्या पपईच्या चिकापासून पपेन हे विकर तेथे तयार होऊ लागले आणि शुद्ध स्वरूपात परदेशी जाऊ लागले. व्यापारी भवरलाल येथे कारखानदार झाले. 1980 पासून पीव्हीसी पाइपांचे उत्पादन सुरू झाले आणि 1986 साली ‘जैन इरिगेशन सिस्टिम्स’ ही कंपनी स्थापन झाली.

ठिबक सिंचनाचा शोध त्यांचा नव्हे. इस्रायलमध्ये हे तंत्र 1960 च्या दशकातच व्यवहारात आले होते. नळीतून थेंबाथेंबाने पाणी आणि त्यातच विरघळलेले खत थेट मुळाशी द्यावयाचे, उरलेली जमीन कोरडी ठेवावयाची, एवढेच त्याचे मर्म. भवरलालजींचे श्रेय असे की त्यांनी ही नळी दोन-चार एकरांच्या धन्यापर्यंत नेली. मोटेने व पाटाने पाणी देण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना थेंबावर केळी पोसते हे तोंडी सांगून पटत नसे. म्हणून जळगावजवळील उजाड टेकड्यांवर, आजच्या ‘जैन हिल्स’वर, प्रत्यक्ष पिके उभी करून दाखविण्यात आली. ठिबकच्या जोडीला ऊतिसंवर्धित केळीची रोपे आली आणि खानदेशातील केळीच्या लागवडीची रीत पालटली. नाशिक जिल्ह्यातील निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांतही ठिबकची नळी आता विहिरीइतकीच परिचयाची झाली आहे. तेथे मात्र अनेक उत्पादकांचा आणि प्रयोगशील बागाईतदारांचाही वाटा आहे.

1990 च्या दशकात आर्थिक उदारीकरणाच्या वाऱ्यात कंपनीने वित्त, माहिती तंत्रज्ञान, ग्रॅनाइट अशा अनोळखी क्षेत्रांत पाय टाकला आणि ती मोठ्या तोट्यात गेली. शेती हाच ज्यांचा पिंड, त्यांनी शेती सोडून इतरत्र पाहिले होते. भवरलालजींनी दोष बाजारावर अथवा सरकारवर ढकलला नाही. आपली चूक झाली असे सांगून त्यांनी भागधारकांची जाहीर क्षमा मागितली. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणणे सोपे असते, कारण त्या दिवशी सारेच म्हणतात. ताळेबंद समोर ठेवून, पैसे गमावलेल्या माणसांना ते म्हणणे निराळे. नको ते धंदे बंद झाले, बाहेरचे भांडवल घेऊन बँकांची देणी भागविली गेली आणि कंपनी पुन्हा पाणी, पाइप व फळप्रक्रियेकडे वळली.

1997 साली सिंचनक्षेत्रातील कार्याबद्दल अमेरिकेतील इरिगेशन असोसिएशनचा क्रॉफर्ड रीड पुरस्कार आणि 2008 साली पद्मश्री, हे सन्मान त्यांना लाभले. पत्नी कांताबाई यांच्या निधनानंतर सहजीवनाच्या आठवणी त्यांनी ‘ती आणि मी’ या पुस्तकात लिहिल्या. एरवी पाइप आणि पंपांच्या हिशेबात वावरणाऱ्या माणसाने असे पुस्तक लिहावे याचे अनेकांना नवल वाटले. जैन हिल्सवर उभारलेल्या ‘गांधीतीर्था’चे उद्घाटन 25 मार्च 2012 रोजी तत्कालीन राष्ट्रपती व जळगावच्या कन्या श्रीमती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले.

हृदयविकार त्यांच्या सोबतीला अनेक वर्षे होता. 25 फेब्रुवारी 2016 रोजी मुंबईत, वयाच्या 78 व्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली. पार्थिव जळगावला आणण्यात आले आणि एकेकाळच्या त्या उजाड टेकडीवरच अंत्यसंस्कार झाले. सर्वांचे ते ‘मोठेभाऊ’ होते.

त्यांच्या पश्चात कंपनीला पुन्हा कर्जाने घेरले. 2019 साली देणी थकली, 2022 साली बँकांशी तडजोड झाली आणि 2023 साली परदेशातील सिंचन व्यवसाय रिव्हुलिस या कंपनीत विलीन करण्यात आला. जळगावचे पाइप, ठिबक आणि केळीच्या रोपांचे काम चारही पुत्रांनी हाती राखले.