शाळासमूह आणि आपले गुरुजी

१९४९ साली औंध, सांगली, मिरज, जत या संस्थानांतील शाळा उत्तर व दक्षिण सातारा जिल्ह्यांत आल्या. दक्षिण साताऱ्यास १९६० साली सांगली हे नाव मिळाले. १९६२ साली प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे गेल्या. परंतु चार वर्ग एकट्याने सांभाळणारे गुरुजी एकटेच राहिले, आणि तेथील कच्चेपणा हायस्कुलात, पाचवीत उघडा पडे.

१९६६ साली कोठारी आयोगाने शाळासमूहाची शिफारस केली: माध्यमिक शाळा व भोवतालच्या प्राथमिक शाळांतील शिक्षकांनी अध्यापनाची आखणी एकत्र करावी. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्याचे, गारगोटीस ग्रामीण शिक्षणाचे काम केलेले. पुढे आखणीच्या वह्या पुष्कळदा तपासणीपुरत्याच भरल्या गेल्या, हेही खरे. तथापि भागाकार कोणत्या इयत्तेत पुरा करावा हे जेथे दोन्ही शाळांच्या गुरुजींनी मिळून ठरविले, तेथे पाचवीच्या मुलास पुन्हा पाढ्यांपासून आरंभ करावा लागला नाही.