एक भूखंड, एक कुटुंब : अमेरिकन उपनगरांतील गृहनिर्बंधांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

अमेरिकेतील उपनगर म्हटले की हिरवळीने वेढलेले, एकाच कुटुंबाचे स्वतंत्र घर डोळ्यांसमोर येते. हे चित्र केवळ तेथील लोकांच्या आवडीतून निर्माण झाले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा कायद्याचा इतिहास आहे. अनेक शहरांत निवासी जमिनीच्या फार मोठ्या भागावर दोन बिऱ्हाडांचे जोडघर बांधणेही नियमबाह्य ठरत असे. हा निर्बंध कसा निर्माण झाला, न्यायालयात कसा टिकला आणि अलीकडे का शिथिल होत आहे, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

निर्बंधाचा उगम

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन शहरांत घरांचे विविध प्रकार नांदत होते. बॉस्टन परिसरातील तिमजली लाकडी घरे आणि शिकागोतील दुमजली ‘टू-फ्लॅट’ इमारती ही त्याची ठळक उदाहरणे होत. एका मजल्यावर मालक व दुसऱ्यावर भाडेकरू, या रचनेमुळे स्थलांतरित श्रमिकांनाही घरमालक होणे शक्य होई.

१९१० मध्ये बाल्टिमोर शहराने वंशानुसार वस्त्या विभागणारा नियम केला व दक्षिणेकडील अनेक शहरांनी त्याचे अनुकरण केले. १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘बुकानन विरुद्ध वॉर्ली’ खटल्यात असे नियम घटनाबाह्य ठरविले. तत्पूर्वीच, १९१६ मध्ये, कॅलिफोर्नियातील बर्कली शहराने केवळ एककुटुंबीय घरांसाठी राखीव विभागाची तरतूद केली होती. वंशाचा उल्लेख न करता, घराच्या प्रकारावरून वस्ती ठरविण्याचा हा मार्ग खुला राहिला. प्रत्येक शहराचा हेतू वंशभेदाचाच होता, असे म्हणणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. आगीची भीती, कारखान्यांचा उपद्रव आणि मालमत्तेच्या किमतीची चिंता हीही कारणे होती.

न्यायालयीन मान्यता व विस्तार

क्लीव्हलँडजवळील युक्लिड गावाच्या विभागनियमांना ‘अँब्लर रिअल्टी’ या कंपनीने आव्हान दिले. १९२४ मध्ये कनिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश वेस्टनहेवर यांनी, या नियमांचा परिणाम लोकांची उत्पन्नानुसार विभागणी करण्यात होतो, असे नोंदवून निकाल गावाच्या विरोधात दिला. १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सहा विरुद्ध तीन मतांनी फिरविला. न्यायमूर्ती सदरलँड यांनी स्वतंत्र घरांच्या वस्तीतील अपार्टमेंट इमारतीला बांडगुळाची उपमा दिली. मूळ वाद मुख्यतः औद्योगिक जमिनीच्या किमतीचा होता. परंतु त्याचा दूरगामी परिणाम भाडेकरूंच्या घरांवर झाला.

१९३४ मध्ये स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने गृहकर्जांना विमासंरक्षण देताना एकजिनसी वस्त्यांना प्राधान्य दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर उभ्या राहिलेल्या उपनगरांत हीच दृष्टी दृढ झाली. १९६८ च्या न्याय्य गृहनिर्माण कायद्याने घरांच्या विक्रीत व भाड्यात वंशभेद करण्यास बंदी घातली. तथापि, स्वस्त प्रकारचे घर बांधण्यासच मनाई असल्याने अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना अनेक उपनगरांची दारे बंदच राहिली. दार अडविणारा माणूस बाजूला झाला, पण कुंपण तसेच उरले.

अलीकडील सुधारणा

घरांच्या वाढत्या किमतींमुळे या व्यवस्थेचा फेरविचार सुरू झाला. डिसेंबर २०१८ मध्ये मिनिआपोलिसच्या नगरपरिषदेने प्रत्येक निवासी भूखंडावर तीन बिऱ्हाडांपर्यंत परवानगी देणारा आराखडा स्वीकारला. २०१९ मध्ये ओरेगॉन राज्याने दहा हजारांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत जोडघरांना आणि मोठ्या शहरांत चार बिऱ्हाडांपर्यंतच्या घरांना मुभा देणारा कायदा संमत केला. कॅलिफोर्नियाचा तत्सम कायदा जानेवारी २०२२ पासून अमलात आला. ज्या बर्कलीत हा निर्बंध जन्माला आला, तेथील नगरपरिषदेनेही २०२१ मध्ये तो संपविण्याचा संकल्प केला.

या सुधारणांना विरोधही झाला. रहदारी, झाडांची तोड, वस्तीचे स्वरूप आणि स्थानिक स्वायत्तता हे आक्षेपांचे मुख्य मुद्दे होते. रहिवाशांची ही चिंता सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. शिवाय मिनिआपोलिसमध्ये प्रत्यक्षात तीन बिऱ्हाडांची घरे थोडीच बांधली गेली. नवीन घरांची भर प्रामुख्याने मोठ्या इमारतींतून पडली. बिऱ्हाडांची संख्या वाढविली, तरी इमारतीचा आकार व उंची यांवरील मर्यादा बऱ्याच अंशी तशाच राहिल्या, तर परवानगी कागदावरच उरते, हा त्यातून मिळणारा धडा होय.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, एककुटुंबीय उपनगर ही निसर्गसिद्ध रचना नसून ठरावीक काळातील निर्णयांची निर्मिती आहे. ते निर्णय माणसांनी घेतले. म्हणून माणसांना ते बदलताही येतात. मात्र शतकभर रुजलेली विषमता केवळ एका नियमाच्या दुरुस्तीने दूर होत नाही. घर बांधण्याची मुभा, त्यासाठी लागणारे कर्ज आणि परवडणारे भाडे यांचा एकत्रित विचार झाला, तरच कुंपणाबाहेर राहिलेल्यांना त्या वस्तीत खऱ्या अर्थाने प्रवेश मिळेल.