नौकेच्या इंजिनाची झीज आणि डिझेलचा खप

घर्षण, उष्णता आणि खारे पाणी यांमुळे नौकेच्या इंजिनाचे भाग हळूहळू झिजतात व तेवढ्याच अंतराला जास्त इंधन लागू लागते. कोकण किनाऱ्यावरील ट्रॉलरच्या फेरीत मोठा खर्च डिझेलचाच असल्याने ही झीज थेट नाखव्याच्या खिशाला लागते.

ट्रकला उतार मिळतो, सिग्नलला उसंत मिळते. जाळे ओढणारे इंजिन मात्र तासन्‌तास भाराखाली चालते. त्यामुळे बारीकसा दोषही दर तासाला डिझेल खात राहतो.

असा एक खादाड दोष इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलचा. त्याची छिद्रे जेमतेम पाव मिलिमीटरची. त्यांतून डिझेलचा धुक्यासारखा फवारा उडायला हवा. पंप दुरुस्तीच्या दुकानात मिस्त्री नोझल टेस्टरला लावून हाताने दांडा दाबतो. चांगले नोझल किर्रकिर्र वाजत फवारा सोडते. झिजलेल्याच्या टोकाशी थेंब लोंबतो. तो थेंब नीट जळत नाही, काजळी होऊन काळ्या धुरातून निघून जातो. डिझेलमधले पाणी आणि गाळ ही झीज वाढवतात. वेळेवर बदललेला फिल्टर त्यामानाने फारच स्वस्त पडतो.

पिस्टन रिंग व लायनर झिजले, की दाब निसटतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. दाब घटला, की ज्वलन बिघडते, सकाळी इंजिन सुरू होताना कुरकुरते आणि ऑइल जळून निळसर धूर येतो. व्हॉल्व्ह नीट बसत नसतील तरीही दाब जातोच.

वेग पडला म्हणून नौका चालवणारा तांडेल रेस वाढवतो, तिथे नुकसान दुणावते. पंख्याला (प्रोपेलरला) लागणारी ताकद साधारणपणे त्याच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते : फेरे 10 टक्के कमी केले, तर ती सुमारे 27 टक्क्यांनी घटते. थकल्या इंजिनावर वेग ताणणे म्हणूनच फार महाग पडते. पंख्याचे पाते वाकलेले किंवा खड्डे पडलेले असेल, तर धडधाकट इंजिनही जास्त पिते. दोष इंजिनाला देण्याआधी पंखा पाहावा.

पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारी बंद असते. ससून डॉक असो वा रत्नागिरीचे मिरकरवाडा, इंजिन खोलून रिंगा, लायनर, नोझल तपासायला हाच काळ सोयीचा. पण झीज हंगामातच ओळखायची, तर प्रत्येक फेरीला इंजिनाचे तास आणि भरलेले लिटर वहीत लिहावेत. तासाला लागणारे डिझेल वाढलेले त्या वहीत धुराच्याही आधी दिसते.