पुड्यावरचा देव

कडोदऱ्याच्या चौरस्त्यावर, पानाच्या टपरीपुढे, चिखलात एक बिडीचा पुडा पडलेला दिसला. कागदावर गणपती. येणारा-जाणारा त्यावर पाय देऊन जात होता. सोबतची शेजारीण चटकन वाकली, पुडा उचलून कडेला ठेवला आणि कपाळाला हात लावला. मी जैन; पण विनय आपल्यालाही शिकवलेला आहे. मनात आलं, देव तिथे पोचला तरी कसा?

उत्तर सोपं आहे. जुन्या बाजारात वाचता येणारे थोडे, चित्र ओळखणारे सगळे. 'गणपतीची दे' म्हटलं की भागलं. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तेव्हापासून देव कागदावरून घरोघरी गेले. काड्यापेटीवर बसले, बिडीवरही बसले. म्हैसूरची मंगलोर गणेश बिडी १९४०च्या सुमाराची. पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीची बिडी संभाजी महाराजांच्या नावानं कितीतरी वर्षं खपली. शेवटी लोक चिडले, आंदोलनं झाली आणि २०२१ साली ती 'साबळे बिडी' झाली.

हे काही आपल्याच देशात नाही. स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवायच्या तंबाखूच्या एका डबीवर 'ओडेन्स' असं नाव असतं. ओडिन हा तिकडचा जुना देव, देवांचा राजाच म्हणा. पण हजारेक वर्षांपूर्वी तो देश ख्रिस्ती झाला, ओडिन गोष्टीत उरला. त्याच्या नावानं कुणी वाकून डबी उचलत नाही. आपला गणपती मात्र दर भाद्रपदात घरी येतो. फरक तेवढाच, पण मोठा.

आपल्या सप्तव्यसनांत तंबाखूचं नाव नाही. कसं असेल? ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. म्हणून ती चालते असं नव्हे. व्यसन ते व्यसनच. २०१६ पासून पुड्याचा ८५ टक्के भाग रोगाच्या चित्राला आणि इशाऱ्याला द्यावा लागतो. उरलेल्या जागेत देव अंग चोरून बसतो.

आणि एक गोष्ट कुठल्याच पुड्यावर नसते. सोलापूर, सिन्नर, निपाणीच्या बायकांचं नाव. तेंदूचं पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबानं. तंबाखूची धूळ तिच्या छातीत, सुपाजवळच्या लेकराच्याही. तिच्यासाठी १९६६ साली कायदा झाला, पण चित्र काही झालं नाही.

देवाचं नाव पायदळी आलं की आपण वाकतो, हे चांगलंच. महाराजांच्या नावासाठी माणसं रस्त्यावर आली, नाव बदललं. पण पुड्यातली बिडी तीच राहिली आणि ती वळणारे हातही तेच. बायांनो, पुढच्या वेळी पुडा उचलाल, तेव्हा त्या हातांसाठीही क्षणभर थांबा.