शरणपूर : एका नावाचा इतिहास

नाशिक शहराच्या पश्चिमेस शरणपूर रोड, कॉलेज रोड आणि गंगापूर रोड असे तीन प्रशस्त रस्ते आहेत. दुतर्फा झाडांची सावली, नीटनेटके बंगले, त्यांच्या जागी आता उभ्या राहिलेल्या उंच इमारती, दुकानांच्या काचेच्या दर्शनी भिंती असे या भागाचे रूप आहे. सुखवस्तू नाशिककरांची ही वस्ती. रामकुंड आणि काळाराम मंदिर दाखवून झाल्यावर यजमान पाहुण्याला संध्याकाळी इकडे फिरावयास आणतात. परंतु 'शरणपूर' हे नाव कोठून आले, असा प्रश्न पाहुण्याच्या मनात सहसा येत नाही.

बायबलच्या मराठी वाचकाला मात्र हा शब्द परका नाही. गणनेच्या पुस्तकात परमेश्वराने मोशेला सहा 'शरणपुरे' नेमावयास सांगितली. हातून नकळत मनुष्यवध घडलेल्याने तेथे धावत जावे आणि सूड घेणाऱ्यापासून जीव वाचवावा, अशी ती व्यवस्था होती. ही नगरे इस्राएल लोकांप्रमाणेच त्यांच्यात राहणाऱ्या परकीयांसाठीही होती, हे विशेष.

नाशिकमध्ये चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेचे कार्य १८३२ साली सुरू झाले. पुढे १८५४ च्या सुमारास रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी तत्कालीन गावाबाहेर ख्रिस्ती लोकांची एक वसाहत वसविली आणि तिला 'शरणपूर' हे नाव दिले. धर्मांतरामुळे घरदार आणि गोत तुटलेल्या माणसांना आसरा हवा होता, तसाच तो अनाथ मुलांनाही हवा होता. थोड्याच वर्षांत या नावाची खरी कसोटी लागली. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलामांना घेऊन जाणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडीत असे आणि त्यांतील काही मुलांना मुंबईस उतरविले जाई. अशा अनेक मुलामुलींना शरणपूरच्या आश्रमात पाठविण्यात आले. आईबापांपासून तुटलेली, स्वतःची भाषा बोलणारे कोणी भोवती नसलेली ती मुले गोदेकाठी अक्षरे शिकली. सुतारकाम आणि लोहारकामही शिकली.

१८६५ मध्ये आफ्रिकेचा प्रख्यात प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबई इलाख्यात आला आणि पुढील मोहिमेसाठी त्याने नाशिकच्या शाळेतील नऊ तरुण सोबत घेतले. १८७२ मध्ये आणखी एक तुकडी त्याच्या साहाय्यास गेली. तीत जेकब वेनराइट हा तरुण होता. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियात चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टनचे निधन झाले. सोबत्यांनी त्याचे हृदय एका झाडाखाली पुरले. त्या वेळी अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती जेकबने, आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली तीही त्यानेच. मग देह उन्हात सुकवून, कापडात गुंडाळून, चुमा व सुसी यांच्या नेतृत्वाखाली ती माणसे महिनोन्महिने चालत समुद्रकिनाऱ्याला पोहोचली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन झाले तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकब होता. नाशिकमध्ये गिरवलेली अक्षरे अशी आफ्रिकेच्या अरण्यात कामी आली. थडग्यावरील लेखात विश्वासू हातांचा उल्लेख आहे, पण त्या हातांची नावे नाहीत.

१८७५ मध्ये प्राइस यांनी मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी 'फ्रिअर टाउन' वसविले. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे नाव त्या गावाला मिळाले. नाशिकच्या आफ्रिकी ख्रिस्ती मंडळींपैकी अनेकजण तेथे गेले. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर या नाशिकमध्ये शिकलेल्या दोघांना पुढे १८८५ मध्ये तेथे दीक्षा मिळाली. आश्रय घेण्यास आलेली मुले अशा रीतीने इतरांना आश्रय देणारी झाली.

शरणपूर पाहिल्यावर पाऊल आपोआप गंगापूर रोडकडे वळते. वाटेत आनंदवल्ली लागते. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई यांच्यावरून हे नाव पडले, म्हणजे गोदेच्या या निवांत काठाचा मोह पेशवे घराण्यालाही होता. पुढे सोमेश्वरचा धबधबा पावसाळ्यात पाहावा असा. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचे माहेर जलालपूर नाशिकजवळचेच. नाशिकमध्येच १९३६ साली त्यांचा देह विसावला. शहराच्या नैऋत्येस त्रिरश्मी डोंगरावर पांडवलेणी आहेत. तेथे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने कोरविलेला लेख आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी त्याने ३००० कार्षापण ठेव म्हणून विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले, असे त्यात म्हटले आहे. पावसाळ्यात भिक्षूंना छप्पर, वस्त्र आणि अन्न मिळावे ही तरतूद जवळजवळ १९०० वर्षांपूर्वीची आहे.

शरणपूरचे कार्य कॅथलिक मिशनचे नव्हते. नाशिकचा कॅथलिक धर्मप्रांत तर १९८७ मध्ये स्थापन झाला. परंतु पंथ निराळा म्हणून हा वारसा परका ठरत नाही. ज्या माणसांना कोठेच थारा नव्हता त्यांना एका मराठी गावाने थारा दिला, ही गोष्ट महाराष्ट्रातील सर्वच ख्रिस्ती समाजाच्या आणि नाशिककरांच्याही आठवणीत असावयास हवी.

आज याच रस्त्यावर जमिनीचा भाव सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेला आहे. पेठ-सुरगाण्याकडून कामासाठी आलेली आदिवासी कुटुंबे येथील इमारती बांधतात आणि इमारत पुरी होताच आपले बिऱ्हाड उचलून दुसरीकडे जातात. 'शरणपूर' ही अक्षरे दुकानांच्या पाट्यांवर, बस थांब्यांवर, पत्रांच्या पत्त्यांत रोज लिहिली जातात. त्या अक्षरांचा अर्थ उद्या दारात उभ्या राहिलेल्या एखाद्या अनोळखी माणसाने विचारला, तर त्याला काय उत्तर द्यावयाचे, हे तेथे राहणाऱ्यांनी आणि आपणही ठरवावयाचे आहे.